प्रतिभा कानाला कळली पाहिजे: ‘लिसन टू द युनिव्हर्स’चा प्रकरण अभ्यास

संगीतावरच्या पिक्चरमध्ये एक अडचण कायम असते. पोरगा वाजवायला बसतो, कॅमेरा हातांवरून चेहऱ्यावर जातो, समोर बसलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी येतं, मागे कुणीतरी पुटपुटतं की असं कधी ऐकलं नव्हतं, आणि आपणही मान्य करून टाकतो की हा जिनियस आहे, कारण पिक्चरच तसं सांगतोय. कानाला मात्र काही कळलेलं नसतं. शेजारच्या साध्या विद्यार्थ्याचं वाजवणं आणि याचं वाजवणं यात फरक काय हे डोळे मिटून ऐकलं तर सांगता येत नाही. मला वाटतं हा या सगळ्या प्रकारातल्या सिनेमांचा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि म्हणूनच 4 ऑक्टोबर 2019 ला जपानमध्ये रिलीज झालेला केई इशिकावांचा ‘मित्सुबाची तो एन्राई’, बाहेर ज्याला ‘लिसन टू द युनिव्हर्स’ म्हणून ओळखतात, तो नीट उलगडून बघायला हवा. इथे या अडचणीवर नुसती युक्ती काढलेली नाही, मुळापासून उपाय केलाय. तो कसा केला, त्यासाठी काय सोडून द्यावं लागलं आणि कुठे तो कमी पडला, हे सगळं आता सविस्तर लिहितोय. शेवटचा निकालही येणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी पिक्चर बघायचाय त्यांनी बघून या.

आधी मूळ गोष्ट. रिकू ओन्दा या जपानमधल्या फार मोठ्या लोकप्रिय लेखिका, 2005 मध्येच एकदा त्यांना पुस्तक विक्रेत्यांच्या मतांवर ठरणारा होन्या ताइशो पुरस्कार मिळाला होता. त्यांनी एका पियानो स्पर्धेवर कादंबरी लिहायला घेतली, ती 2009 ते 2016 अशी सात वर्षं मासिकातून क्रमशः येत राहिली आणि 2016 मध्ये जाडजूड पुस्तक म्हणून निघाली, पाचशेच्या वर पानं आणि तीही दोन कॉलममध्ये छापलेली. 2017 मध्ये या एकाच पुस्तकाला नाओकी हा मोठा साहित्य पुरस्कार आणि होन्या ताइशो असे दोन्ही मिळाले, एकाच पुस्तकाला हे दोन्ही मिळण्याची ती पहिलीच वेळ. आता गंमत बघा, पाचशे पानांत घडतं काय तर एक स्पर्धा होते, बस. स्पर्धक येतात, वाजवतात, काही बाहेर पडतात, काही पुढे जातात. बाकी सगळं पुस्तक हे वाजवताना ऐकणाऱ्याच्या मनात काय काय उभं राहतं याचं वर्णन आहे. लिस्टच्या बी मायनर सोनाटाच्या वेळी तर लेखिका त्या संगीताच्या जागी एक अख्खी वेगळी कथाच लिहून टाकते. वाचताना कुठेही अडत नाही कारण संगीत वाचकाच्या डोक्यात वाजत असतं, आणि डोक्यातलं संगीत नेहमीच सगळ्यात भारी असतं. खुद्द ओन्दांनाही याचा सिनेमा होईल असं वाटत नव्हतं. फक्त पुस्तकातच जमेल असं काहीतरी करायचं म्हणूनच तर त्यांनी ते लिहिलं होतं.

स्पर्धेचं नाव कादंबरीत योशिगाए असं काल्पनिक आहे, पण मागे उभी आहे ती हामामात्सुची आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा. हामामात्सु हे शिझुओका प्रांतातलं शहर, टोकियो आणि ओसाकाच्या मधलं, यामाहा आणि कावाई या पियानो कंपन्यांचं माहेर, वाद्यं बनवणाऱ्या रोलँडचं मुख्यालयही तिथेच. 1887 मध्ये तोराकुसु यामाहा नावाच्या माणसाने तिथल्या एका शाळेचा बंद पडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथून हा सगळा व्याप सुरू झाला. 1991 पासून दर तीन वर्षांनी ही स्पर्धा होते (2021 ची कोरोनामुळे रद्द झाली), आणि तिचा दबदबा असा की 2009 मध्ये पंधरा वर्षांचा सोंग-जिन चो तिथे पहिला आला आणि 2015 मध्ये त्याने वॉर्सॉची शोपँ स्पर्धा जिंकली. पण ओन्दांच्या डोक्यात कादंबरीचं बी पडलं ते त्याच्याही आधीच्या एका प्रकरणातून. पोलंडचा राफाल ब्लेहाच 2003 मध्ये हामामात्सुला आला तेव्हा त्याचा अर्ज कागदपत्रांच्या छाननीतच बाद झाला होता, पण बाद झालेल्यांसाठी एक ऑडिशन ठेवलेली होती, तिच्यातून तो आत शिरला आणि थेट वरपर्यंत गेला. त्या वर्षी पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नाही, दुसऱ्या बक्षिसाच्या मानकऱ्यांत हा होता. दोन वर्षांनी शोपँ स्पर्धेत हाच पहिला. म्हणजे कागदावर ज्याची काही किंमत नव्हती असा मुलगा दारातून आला आणि परीक्षकांना हलवून गेला. ओन्दा पुढे 2006 पासून दर खेपेला हामामात्सुला जाऊन प्रेक्षकांत बसून ही स्पर्धा ऐकत राहिल्या.

त्या ब्लेहाचवरून पुस्तकात आला जिन काझामा. वय सोळा, वडील मधमाशा पाळणारे, फुलांच्या मागे गावोगाव हिंडणारे, घरी पियानो नाही. युजी फोन हॉफमान नावाच्या एका दिवंगत महान वादकाने त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहून ठेवलंय, आणि पत्राचा सूर असा की मी तुम्हाला हा मुलगा भेट देतोय, पण ही खरी भेट ठरणार की संकट हे तुमच्यावर आहे. बाकी तिघांत पहिली आया एइदेन, वय वीस, लहानपणी कौतुकात वाढलेली, तेराव्या वर्षी आई गेली आणि त्यानंतर भर कार्यक्रमात, ऑर्केस्ट्रा तयार बसलेला असताना, ही स्टेजवरून उठून निघून गेली ती सात वर्षं परत आली नाही. दुसरा मासारु, अमेरिकेत ज्युलिअर्ड या नामांकित संगीत विद्यालयात शिकणारा, देखणा, तयारीचा, सगळ्यांचा लाडका, जो लहानपणी आयामुळेच पियानोकडे वळला. तिसरा अकाशी ताकाशिमा, अठ्ठावीस वर्षांचा, वाद्यांच्या दुकानात नोकरी, बायको आणि लहान मुलगा, स्पर्धेच्या वयोमर्यादेला टेकलेला, आणि मनात एकच गोष्ट धरून आलेला की रोजच्या जगण्यातून येणारं संगीत पण असू शकतं.

आता दिग्दर्शकाच्या जागी बसून बघा. चार पात्रं, चौघंही उत्तम वाजवतात, म्हणजे चांगला विरुद्ध वाईट असा सोपा फरक नाही. चौघांची प्रतिभा वेगवेगळ्या जातीची आहे. पुस्तकात लेखिकेला हे शब्दांत सांगता येतं, सिनेमात सांगितलं तर मार खातं. प्रेक्षकांतल्या नव्वद टक्के लोकांनी आयुष्यात प्रोकोफिएव्ह हा रशियन संगीतकार ऐकलेला नसणार. त्यांना निव्वळ ऐकून कळायला हवं की हा मासारु आणि हा जिन. कसं करणार?

नेहमीचा मार्ग असा की एक चांगला वादक बोलवायचा, त्याच्याकडून सगळं रेकॉर्ड करून घ्यायचं, फार तर त्याला सांगायचं की इथे जरा रागात वाजवा, इथे हळुवार. खर्च कमी, वेळ कमी. पण असं केलं की चौघांचा हात एकच राहतो, आणि हात एक असला की कान फसत नाही, अगदी अडाणी कानसुद्धा. इशिकावांच्या टीमने चार पात्रांना चार वेगळे पियानिस्ट दिले, आणि नुसते वेगळे नाही, त्या त्या पात्राशी ज्यांचं आयुष्य आणि वाजवण्याची जात जुळेल असे शोधून. आयासाठी हिसाको कावामुरा, पाचव्या वर्षापासून जर्मनीत वाढलेल्या, 2007 च्या क्लारा हास्किल स्पर्धेच्या विजेत्या, मोठ्या पल्ल्याचं आणि आतून येणारं वाजवणाऱ्या. अकाशीसाठी कोतारो फुकुमा, 2003 चे क्लीव्हलँड स्पर्धेचे विजेते, ज्यांच्या वाजवण्यात एक समजूतदारपणा आहे. मासारुसाठी मियुजी कानेको, ज्यांचे वडील जपानी आणि आई हंगेरियन, सहाव्या वर्षी हंगेरीला गेलेले आणि तिथल्याच पद्धतीत घडलेले, म्हणजे मासारुसारखेच दोन देशांचे. आणि जिनसाठी माओ फुजिता, 1998 चा जन्म, चौघांत सगळ्यात लहान. सिनेमा यायच्या चारच महिने आधी, जून 2019 मध्ये, हा मुलगा मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत दुसरा आला. पडद्यावर ज्याला अद्भुत म्हणून दाखवायचं त्याच्यासाठी निवडलेले हात खरोखरच अद्भुत निघाले, याच्यापेक्षा मोठी पावती निवडीला कुठली असणार?

फुजिताचं वाजवणं कधी ऐकलं असेल तर लक्षात येईल, सूर कसे मणी सांडावेत तसे येतात, जोर लावल्याचा मागमूस नाही. आणि कानेकोचा सूर भरीव, खांद्यातून आलेला. हा फरक समजायला शिकवणी लागत नाही, दोन मिनिटं लागोपाठ ऐकलं की पुरतं.

पण इथे अजून एक फट राहते. वादक चार असले तरी रचना वेगवेगळ्या असतील तर फरक कशामुळे पडला, वादकामुळे की रचनेमुळे, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून एकच रचना चौघांकडून ऐकायला मिळणं गरजेचं होतं. सुदैवाने कादंबरीतच ती सोय होती. दुसऱ्या फेरीत सगळ्यांना सक्तीची एक नवी रचना, ‘हारु तो शुरा’, म्हणजे वसंत आणि असुर, हिशिनुमा नावाच्या काल्पनिक संगीतकाराने लिहिलेली. नाव घेतलंय ते केन्जी मियाझावा यांच्या 1924 च्या कवितासंग्रहावरून. मियाझावा म्हणजे इवाते प्रांतातल्या हानामाकीचे कवी, हयातीत जवळजवळ कुणाला माहीत नसलेले, 1933 मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी गेलेले आणि आज जपानमध्ये शाळेतल्या पोरांनाही पाठ असलेले. कादंबरीत या रचनेत एक कॅडेन्झा आहे, तिथे स्वरलिपी नाही, फक्त सूचना आहे की मोकळेपणाने, विश्वाची जाणीव ठेवून वाजवा. कॅडेन्झा म्हणजे बाकी सगळं थांबतं आणि एकट्या वादकाला मोकळं रान मिळतं ती जागा. बंदिश सगळ्यांची एकच पण उपज ज्याची त्याची, तसं समजा. मोझार्टच्या काळात वादक ती जागा तिथल्या तिथे सुचेल तशी भरत, पुढे संगीतकार ती स्वतःच लिहून द्यायला लागले आणि आता बहुतेक जण कुणीतरी आधी लिहून ठेवलेलंच वाजवतात. मोझार्टच्या विसाव्या कॉन्चेर्तोत (कॉन्चेर्तो म्हणजे एकटा वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) आज सर्रास बेथोव्हनने लिहिलेला कॅडेन्झा ऐकू येतो. म्हणजे आजच्या स्पर्धकासमोर कोरी जागा ठेवणं हीच मुळात अवघड परीक्षा आहे.

कादंबरीत ती रचना नुसती शब्दांत होती. सिनेमासाठी ती खरीखुरी बनवणं भाग होतं, आणि हे काम दिलं दाई फुजिकुरा यांना. 1977 मध्ये ओसाकात जन्मलेले, पंधराव्या वर्षी इंग्लंडला गेलेले आणि तिथेच राहिलेले, आजच्या घडीला जगभर वाजवले जाणारे गंभीर समकालीन संगीतकार. सिनेमाचं पार्श्वसंगीत लिहिणारा एखादा हुशार माणूस घेऊन काम भागलं असतं, पण मग ती रचना सिनेमातली खोटी रचना वाटली असती. फुजिकुरांनी पुस्तकातली वर्णनं समोर ठेवून मूळ तुकडा लिहिला आणि मग चार कॅडेन्झा लिहिले, एकेका पात्राच्या स्वभावातून. म्हणजे एका माणसाला चार वेगळ्या माणसांसारखा विचार करून लिहायला लागलं. हा भाग मला या सगळ्या प्रकरणातला गाभा वाटतो, कारण इथे पटकथेचं काम संगीतकाराने केलंय. पात्रांची ओळख संवादात नाही, कॅडेन्झात आहे.

जवळून बघायचं तर ते चार तुकडे असे. अकाशी इवातेकडचा, मियाझावा त्याला परका नाही, त्याने महिनोन् महिने त्या कवितांसोबत काढलेत. मियाझावांची धाकटी बहीण तोशी नोव्हेंबर 1922 मध्ये गेली, मरणाच्या दिवशी तिने भावाला म्हटलं की बाहेरचं ते पावसासारखं बर्फ वाटीभर आणून दे, आणि तिचे ते तिच्या बोलीतले शब्द कवीने कवितेत जसेच्या तसे ठेवले. अकाशीचा कॅडेन्झा त्या बोलण्याच्या चालीवर उभा राहतो. साधी, गुणगुणता येईल अशी ओळ, दाखवण्यासारखी करामत काहीच नाही, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला ती धरून ठेवते. मासारुचा त्याच्या बरोबर उलट, भव्य, सप्तकंच्या सप्तकं कवेत घेणारा, तंत्राची कमाल, एकेक पायरी आधी ठरवून बांधलेला, ऐकताना वाटतं की याला अशक्य असं काही नाही. मग जिन. तो निसर्गात वाढलाय म्हणून काहीतरी गोड पाखरांचं वाजवेल अशी आपली समजूत असते आणि तो असुर बाहेर काढतो, निसर्गाचं मारणारं रूप, बेसच्या बाजूला आदळणारे हात, कानाला त्रास होईल इतकं क्रूर. निसर्ग ज्याने खरोखर जवळून पाहिलाय तो त्याला गोंडस करणार नाही हे त्यातून आपोआप कळतं, कुणी बोलून सांगत नाही. आणि आया, जिने आधीपासून काहीच पक्कं केलेलं नाही, ती जिनचं वाजवणं ऐकून स्टेजवर जाते आणि त्याला उत्तर देते, त्या असुरालाही पोटात घेणारी जमीन कशी असते तसं काहीतरी तिच्या हातातून येतं.

चार जण, एकच रचना, मधला मिनिट-दोन मिनिटांचा तुकडा वेगळा. एवढ्यात चार माणसं उभी राहतात. पियानोतलं काही कळत नसलेल्या माणसालासुद्धा इथे फरक कळतो, आणि एकदा तो कळला की पुढचा सगळा पिक्चर तो वेगळ्या कानाने ऐकायला लागतो. तो पाया दुसऱ्या फेरीत पडला म्हणून फायनलचे कॉन्चेर्तो पुढे पेलवतात.

आता सोडलं काय. दोन तासांचा पिक्चर, त्यामुळे कादंबरीतली तिसरी फेरी सरळ उडवली आहे, म्हणजे तो लिस्टचा सोनाटा, जिनचा सगळ्यात खट्याळ कार्यक्रम, सगळं गेलं. आयासोबत पुस्तकभर असणारी कानादे ही मैत्रीणही काढून टाकली. कादंबरीवर जीव असलेल्या वाचकांना हे फार लागलं आणि त्यांचं दुःख मला समजतं, कारण कानादे ही ऐकणाऱ्याची बाजू होती, आपल्याला आयापर्यंत नेणारी. पण इशिकावांचं गणित दुसरं होतं. मैत्रीण असली की आया तिच्याशी बोलणार, मनातलं सांगणार, आणि मग आपण पियानोऐवजी संवाद ऐकत बसणार. मैत्रीण काढल्यावर आयाला बोलायला कुणीच उरत नाही आणि मायु मात्सुओका ही नटी (तीच, ‘शॉपलिफ्टर्स’ मधली अकी) जवळजवळ गप्प राहून भूमिका करते. हसते ते ओठांपुरतं, मान खाली, खांदे जरा आखडलेले. पियानोसमोर बसली की तेच खांदे सुटतात. पटकथा, दिग्दर्शन आणि एडिटिंग तिन्ही इशिकावांनी स्वतः केलंय, त्यामुळे काय कापायचं हे लिहिताना जे ठरलं ते शेवटपर्यंत टिकलं असावं असं मला वाटतं. पोलंडमधल्या वूचच्या फिल्म स्कूलमध्ये ते शिकले, कॅमेरामन पिओत्र न्येमिस्की तिथलेच, आणि त्या शिक्षणाचा परिणाम फ्रेममध्ये दिसतो, लोकांना बोलतं करण्यापेक्षा त्यांच्याकडे बघत राहण्याचा धीर.

त्या धीराचं सगळ्यात सुंदर फळ म्हणजे वर्कशॉपचा सीन. कॅडेन्झासाठी रियाजाला पियानो हवा म्हणून आया रात्रीची एका पियानो बनवणाऱ्याच्या कार्यशाळेत पोचते, मागोमाग जिन येऊन टपकतो, खिडकीतून चंद्र दिसतोय. जिन दब्युसीचं ‘क्लेअर द ल्यून’ सुरू करतो, आया त्यात शिरते, तिथून दोघं ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’ या जुन्या अमेरिकन गाण्यावर उडी मारतात, तिथून बेथोव्हनच्या मूनलाइट सोनाटावर. सगळी चंद्राची गाणी, एकातून एक. दोन माणसं एकमेकांच्या पुढच्या सुराचा अंदाज घेत खेळतायत. जुगलबंदी म्हटली की आपल्याला चुरस आठवते, इथे चुरस नाहीच, इथे एक मुलगी सात वर्षांनी पहिल्यांदा मजेसाठी वाजवतेय. जिन झालेल्या ओजी सुझुका या ऑडिशनमधून निवडलेल्या नवख्या पोराचं हसू या सीनमध्ये इतकं निर्मळ आहे की हॉफमानच्या पत्रातला भेट हा शब्द इथे कळतो. मी हा सीन पुन्हा पुन्हा बघत आलोय आणि दर वेळी मला आयाच्या डाव्या हाताकडे बघावंसं वाटतं, आधी चाचपडत, मग एकदम मोकळा.

जिनबद्दल अजून एक गोष्ट सिनेमाने छान घेतली आहे, ती म्हणजे त्याचा आवाज न करणारा लाकडी कीबोर्ड. घरी पियानो नाही म्हणून हा मुलगा मुक्या पट्ट्यांवर रियाज करतो. एका शॉटमध्ये त्याची सगळी तयारी कळते, की याच्यासाठी सूर आधी आत वाजतो आणि मग बोटांत येतो.

फायनलमध्ये एक महत्त्वाचा बदल केलाय. कादंबरीत मासारु प्रोकोफिएव्हचा तिसरा कॉन्चेर्तो वाजवतो आणि आया दुसरा, पिक्चरमध्ये अदलाबदल केली आहे. वरवर बघता किरकोळ, पण मला वाटतं निर्णय अगदी बरोबर आहे. दुसरा कॉन्चेर्तो काळोखा आणि भयंकर अवघड, पहिल्याच भागातला कॅडेन्झा वादकाचा जीव काढणारा. 1913 चा हा कॉन्चेर्तो, त्याची प्रत क्रांतीच्या धामधुमीत आगीत गेली आणि प्रोकोफिएव्हने 1923 मध्ये तो पुन्हा रचला. सगळं नियंत्रणात ठेवू बघणाऱ्या मासारुला हा दिल्याने त्याची खरी परीक्षा होते, ऑर्केस्ट्रातल्या फ्लूटशी त्याचं जुळत नाही, कडक स्वभावाचा कंडक्टर ओनोदेरा काही सवलत देत नाही, आणि या देखण्या मुलाला पहिल्यांदा घाम फुटतो. तिसरा कॉन्चेर्तो 1921 मध्ये शिकागोत खुद्द प्रोकोफिएव्हने पहिल्यांदा वाजवला, तो एकट्या क्लॅरिनेटच्या शांत सुरावटीने उघडतो, आणि मग पियानो असा धावत आत येतो की ऐकणाऱ्याचा श्वास वर जातो. स्टेजवरून पळून गेलेल्या मुलीला परत आणायचं तर धावत आत येणारा पियानोच हवा! जिनकडे बार्टोकचा तिसरा, 1945 मधला, आजारी बार्टोकने बायकोसाठी लिहिलेला आणि शेवटची सतरा मापं (स्वरलिपीतले बार) राहिली असताना तो गेला, ती त्याच्या शिष्याने, तिबोर शेर्लीने, पुरी केली. त्यात मधल्या भागात पाखरांचे आणि किड्यांचे आवाज आहेत, मधमाशा पाळणाऱ्याच्या पोराला हा देणं ओन्दांचीच हुशारी.

फायनलच्या आधी आया पुन्हा पळायला निघते, तालमीत तिचं ऑर्केस्ट्राशी बिनसलेलं असतं. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ती उभी आहे आणि तिला पाऊस ऐकू येतो, लहानपणी आईसोबत पियानोवर बसून ऐकलेला पाऊस. पिक्चरभर पावसातला एक काळा घोडा स्लो मोशनमध्ये येत राहतो, त्याचा अर्थ कुणी सांगत नाही आणि सांगितला नाही तेच बरं. मग ती वर जाते. आणि इथे कावामुरांचं वाजवणं जे काही आहे ना, त्यासाठी शब्द शोधत बसायला नको, शेवटच्या भागात पियानो आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांना ढकलत वर चढतात आणि मात्सुओकाचा चेहरा हळूहळू उघडत जातो. तेराव्या वर्षीची ती मुलगी कुठे होती इतके दिवस, हे तो चेहरा सांगतो.

कमी कुठे पडलं तेही लिहायला हवं. एक म्हणजे मासारु. कानेकोंचं वाजवणं अप्रतिम, त्याची भूमिका करणारा विन मोरिसाकी दिसायला आणि वागायला अगदी तसा, पण तो आयाचा जुना मित्र यापलीकडे फारसा उरत नाही, पुस्तकात त्याची स्वतःची एक महत्त्वाकांक्षा आहे की वादकाने स्वतः रचनाही कराव्यात, जुन्या काळी करत तशा, ती इथे ओझरती येते. दुसरं, जिनचं जग. नावात मधमाशा आहेत पण त्या दिसतात किती? त्याचे वडील, ती भटकंती, हॉफमानने त्याच्यावर सोपवलेलं काम की बंद हॉलमधलं संगीत बाहेर मोकळ्या जगात न्यायचं, हे पुस्तकात हाडामांसाचं आहे, सिनेमात ते सूचनेपुरतं राहतं. फुजिताच्या बोटांनी पुष्कळ सावरलंय, तरी पुस्तक न वाचलेल्याला जिन म्हणजे आयाला जागं करायला आलेला देवदूत एवढाच वाटू शकतो. तिसरं, परीक्षकांची बाजू. पुस्तकात ते लोक या मुलाच्या वाजवण्याने अक्षरशः भांडतात, कुणी भारावतं तर कुणाला संताप येतो, आणि आपलंच ऐकणं तपासून बघायची पाळी त्यांच्यावर येते. पिक्चरमध्ये तो वाद लवकर मिटतो.

अकाशीच्या बाबतीत मात्र सिनेमा पुस्तकाच्या तोडीस तोड आहे असं माझं ठाम मत. तोरी मात्सुझाका इतका मोठा स्टार, पण इथे एक दमलेला, सज्जन, दिवसभर नोकरी करून रात्री वाजवणारा बाप वाटतो. तो दुसऱ्या फेरीत बाहेर पडतो. नंतर कळतं की ‘हारु तो शुरा’ सर्वोत्तम वाजवल्याबद्दलचं हिशिनुमा पारितोषिक त्यालाच मिळालं, ज्याचा कॅडेन्झा सगळ्यात साधा होता त्याला. निकाल असा, मासारु पहिला, आया दुसरी, जिन तिसरा, आणि तो पडद्यावर नुसता लिहून येतो, समारंभ नाही, मिठ्या नाहीत. स्पर्धेचा पिक्चर असून निकाल असा उरकलाय याचा अनेकांना राग आला. मला ते पटलं, कारण आयाचा शेवटचा सूर आणि तिचं हसू यानंतर कोण कितवा याची उत्सुकता माझ्यात तरी शिल्लक नव्हती.

जपानमधल्या 74 व्या माइनिची चित्रपट पुरस्कारांत या पिक्चरला सर्वोत्तम जपानी चित्रपटाचा मान मिळाला, इशिकावांना दिग्दर्शनाचा आणि सुझुकाला नवोदित कलाकाराचा. खऱ्या हामामात्सुतही गोष्ट पुढे सरकली आहे, 2024 च्या स्पर्धेत मानामी सुझुकी पहिली आली, तिथे पहिला नंबर पटकावणारी ती पहिलीच जपानी. आणि फुजिकुरांची ‘हारु तो शुरा’ सिनेमाबाहेर आली, तिची स्वरलिपी आहे, रेकॉर्डिंग आहेत, चौघा पियानिस्टांनी आपापल्या पात्राचा स्वतंत्र अल्बम काढला आणि चारही अल्बममध्ये ती आपापल्या कॅडेन्झासकट आहे.

तर ज्यांना हे स्वतःच्या कानाने पडताळून बघायचंय त्यांनी पिक्चर बघायच्या आधी एक करा, चारही अल्बममधून फक्त ‘हारु तो शुरा’ लागोपाठ लावा, आधी फुकुमा, मग कानेको, मग फुजिता आणि शेवटी कावामुरा, कारण आयाचा कॅडेन्झा जिनच्या नंतर ऐकला तरच ते उत्तर म्हणून ऐकू येतं. हेडफोन चांगले घ्या, फोनच्या स्पीकरवर जिनच्या डाव्या हाताचा बेस निम्मा गळून जातो.